मवाळ उमेदवार आणि गाडीतला फॉर्म

ज्या माणसाने मला सर्वांत जास्त बिघडवलं, तो माणूस मी कधी पाहिला नाही. तो अमेरिकेतल्या एका थंड राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होता आणि मी ओमानात, सीबमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बनियनवर बसून त्याची धोरणं पाठ करत होतो. त्याला माझं मत नको होतं. मलाही त्याच्या राज्यात काही काम नव्हतं. तरी महिनाभर मी त्याच्या तोंडाने बोलत होतो, आणि त्याची फळं अजून खातो आहे.

२०१८ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत. तिच्या समाजशास्त्राच्या बाईंना हौस फार. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की मुलांनी अमेरिकेतल्या गव्हर्नरच्या निवडणुकीवर लुटुपुटूची वादसभा करायची. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या मुलीला निघाला रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार, आणि तोही, बाईंच्या शब्दांत, ‘मॉडरेट’. ती घरी आली ती दप्तर आपटतच.

“बाबा, सगळ्यांत बोअर माणूस मला मिळाला,” ती म्हणाली. “त्याचं काही म्हणणंच नाहीये.”

मी सांगलीकडचा. आमच्याकडे रिपब्लिकन म्हटलं की डोळ्यांसमोर निळा झेंडा येतो. मी मोठ्या उत्साहाने घटना, समता वगैरे बोलायला लागलो. मुलीने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तिकडच्या रिपब्लिकनांचा रंग लाल निघाला. शिवाय गव्हर्नर म्हणजे आपल्यासारखा दिल्लीहून पाठवलेला पाहुणा नव्हे, तर लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कामाचा माणूस, हेही मला त्याच दिवशी कळलं. मॉडरेटला मात्र मी शब्द लगेच सुचवला : मवाळ. शाळेत जहाल-मवाळ घोकलं होतं, ते तीस वर्षांनी उपयोगी पडलं. परीक्षेत मी मवाळांवर नेहमी चांगलं लिहायचो, हे आता आठवून लाज वाटते.

तर हा मवाळ उमेदवार. त्याच्या वेबसाइटवर ‘धोरणं’ असं एक पान होतं आणि त्यात विषयवार त्याची मतं दिली होती. कर वाढवणार नाही, पण शाळांचं नुकसान होईल इतके कमीही करणार नाही. बंदूक बाळगण्याचा हक्क मान्य, पण विकत घेणाऱ्याची आधी नीट चौकशी व्हावी. गर्भपात त्याला स्वतःला पटत नव्हता, पण आहे तो कायदा तो बदलणार नव्हता. हवामान बदलतंय हे त्याला मान्य होतं, पण कारखान्यांवर ओझं नको. गांजाला परवानगी द्यावी का, तर अभ्यासगट नेमू. आणि त्याच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल पत्रकारांनी विचारलं की हा गृहस्थ राज्यातल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल बोलायला लागायचा.

मुलीला यात काही म्हणणं दिसत नव्हतं. मला मात्र आरशात पाहिल्यासारखं झालं. 

मी रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. आमची कामाची पद्धत अशी की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन कोटेशनं मागवायची. सर्वांत स्वस्त घेतलं आणि माल खराब निघाला तर बोलणी बसतात, सर्वांत महाग घेतलं तर संशय येतो. म्हणून मी अठरा वर्षं डोळे मिटून मधलं घेत आलो. आमचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, मला ‘शांत माणूस’ म्हणायचा. घरीही तेच. हॉटेलात मी मेनूच्या मध्यावरचा पदार्थ मागवायचो. बायको आणि आई फोनवर भांडल्या की दोघींना वेगवेगळं सांगायचो की तुझंच बरोबर आहे. याला आजवर मी भित्रेपणा समजत होतो. अमेरिकेत याला धोरण म्हणतात हे कळल्यावर माझी छाती फुगली.

“हा माणूस बोअर नाही,” मी मुलीला सांगितलं. “हा समतोल आहे. मी शिकवतो तुला.”

आणि रोज जेवणं झाली की मी शिकवायला लागलो.

आता त्याच दिवसांत आमच्या मराठी मंडळाची निवडणूक होती, आणि इथून माझं डोकं फिरलं. परदेशात मराठी माणसं जमली की मंडळ होतं आणि मंडळ झालं की दोन गट होतात. आमच्याकडे एक जुन्यांचा गट होता, ज्यांना सगळं होतं तसंच हवं होतं, आणि एक नव्यांचा, ज्यांना होतं ते काहीच नको होतं. त्या वर्षी दोन्ही गटांना अध्यक्षपदासाठी असा माणूस हवा होता की ज्याच्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. दोघांनीही माझं नाव काढलं. मी तो मोठा मान समजलो. बायको म्हणाली, “अहो, त्यांना बुजगावणं हवंय.” मी म्हणालो, राजकारण तुला कळत नाही.

मी चक्क माझं ‘धोरणं’ असं पान तयार केलं आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. नाटकाबद्दल : परंपरा जपणार, पण नवं काही करायला विरोध नाही. गणपतीच्या जेवणाबद्दल : मोदक उकडीचेच, पण तळलेल्यांचाही आदर. कार्यक्रम वेळेवर सुरू करण्याबद्दल : वेळेचं महत्त्व मान्य, पण लांबून येणाऱ्यांच्या अडचणीही लक्षात घेणार. अंगठे वर करणाऱ्या चित्रांचा पाऊस पडला. इतके अंगठे मला लग्नातही मिळाले नव्हते.

या सगळ्यात एक विषय मी पानावर घातला नव्हता. तो माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होता.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक कुटुंब राहत होतं. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातलं, मुसलमान. तो रुसैललाच दुसऱ्या कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन होता, म्हणून अख्खी इमारत त्याला फोरमन म्हणायची. माझा एसी, माझा गीझर, माझा बंद पडलेला मिक्सर, सगळं बारा वर्षं त्याच्याच हातून चालू झालं होतं. तो मला भाऊ म्हणायचा. त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती. आमच्या घरी तिला ‘खालची’ म्हणायचे, कारण ती कधीही खालून वर यायची आणि आमच्याकडेच जेवायची.

या खालचीचं मराठी ऐकावं. माझी मुलगी मराठीत एक वाक्य सुरू करायची, मध्ये इंग्रजीवर उडी मारायची आणि शेवटी ‘ना’ लावून मोकळी व्हायची. खालची मात्र घरात आजी असल्यामुळे की काय, खणखणीत बोलायची. मंडळाच्या फेब्रुवारीतल्या संमेलनासाठी माझ्या बायकोने मुलांचं एक नाटक लिहिलं होतं. एका गावात सगळ्यांची पत्रं लिहून देणारी एक मुलगी, अशी काहीतरी गोष्ट. पहिलं वाचन आमच्या हॉलमध्ये झालं. खालची सहज म्हणून बसली होती, तिने मुख्य भूमिका वाचली. त्यात एक म्हातारा भलतंसलतं पत्र लिहून मागतो, तेव्हा ती मुलगी म्हणते, “मजकूर मी लिहीन, आजोबा, अंगठा मात्र तुम्हालाच उठवावा लागेल.” हे वाक्य तिने असं म्हटलं की बायकोच्या हातातली वही खाली गेली.

“हीच,” बायको म्हणाली. “दुसरं कुणी नाही.”

अडचण एकच होती. नाटकात सभासदांचीच मुलं घ्यायची असा मंडळाचा नियम, आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत नावं द्यायची. फोरमन सभासद नव्हता. सभासद व्हायला फॉर्मवर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागायच्या, एक सूचक आणि एक अनुमोदक. दुसऱ्याच दिवशी जिन्यात त्याने मला गाठलं. हातात भरलेला फॉर्म, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला.

“भाऊ, जरा काम हाय तुमच्याकडं,” तो म्हणाला. “पोरीनं तर जेवान सोडलाय नाटकापायी. वैनींनी सही केलानी हाय. तुमची एक झाली की खलास.”

अनुमोदकाच्या जागी बायकोची सही होती, ठसठशीत. सूचकाची ओळ रिकामी होती.

माझ्या खिशाला पेन होतं. खरेदी खात्यातला माणूस पेनाशिवाय जिना उतरत नाही. पण निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. आणि मला ठाऊक होतं की जुन्यांपैकी दोघा-तिघांनी मागे एकदा असा विषय निघाला तेव्हा काय म्हटलं होतं. विरोध कुणाचाच नव्हता. आमच्याकडे असल्या गोष्टींना विरोध नसतोच. “त्यांनाच अवघडल्यासारखं होईल हो,” असं म्हटलं होतं. “आपलं गणपती असतं, आरती असते.” फोरमन दर वर्षी त्याच गणपतीच्या मखराचं वायरिंग करून द्यायचा, तेव्हा कुणाला अवघडल्यासारखं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

“करतो की,” मी म्हणालो. “एवढी निवडणूक होऊ दे. मग अध्यक्ष म्हणूनच करतो, म्हणजे वजन पडेल.”

“इन्शाल्ला,” तो म्हणाला.

“इन्शाल्ला,” मीही म्हणालो. तो म्हणायचा तेव्हा त्यात देव असायचा. मी म्हणायचो तेव्हा टाळाटाळ असायची. मी फॉर्म गाडीच्या कप्प्यात ठेवला, टायरमधल्या हवेच्या पावतीखाली.

त्यानंतर बायको रोज विचारायची, “अहो, फॉर्म दिलात का?” आणि मी रोज त्या अमेरिकन गृहस्थाच्या शैलीत उत्तर द्यायचो. वैयक्तिकदृष्ट्या मी पूर्णपणे बाजूने आहे. पण सर्वांना बरोबर घेऊन जायचं आहे. योग्य वेळ येऊ दे. चौथ्या दिवशी तिने विचारणं बंद केलं. तिचा राग पातेल्यांवर निघत होता, पण मी ते धोरणात्मक मतभेद म्हणून सोडून दिलं.

शाळेतली वादसभा ऑक्टोबरच्या शेवटी एका बुधवारी दुपारी होती. पालकांना बोलावलं होतं. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. फोरमनही आला होता, कारखान्याच्या गणवेशातच, हातांना ग्रीसचा वास येत होता म्हणून ते मांडीखाली दाबून बसला होता. माझ्या शेजारी. कारण माझ्या मुलीसमोरचा डेमोक्रॅटिक उमेदवार होती खालची. चिठ्ठीत तिला तेच निघालं होतं.

सगळं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं. माझी मुलगी सुरेख बोलली. कर, शाळा, बंदुका, सगळं मी बसवलं होतं तसं, दोन्ही हात तराजूसारखे धरून. मी मान डोलवत होतो. मग खालचीची पाळी आली. तिने कागद बाजूला ठेवला.

“तुम्ही प्रत्येक प्रश्नावर सांगता की वैयक्तिकदृष्ट्या मी बाजूने आहे,” ती म्हणाली. “तुमचं वैयक्तिक मत आम्हाला समजलं. मला एवढंच विचारायचंय की आजवर तुम्ही सही कशावर केलीत?”

सभागृहात शिट्ट्या वाजल्या. तिने हे माझ्यासाठी विचारलं नव्हतं, हे मी तेव्हाही जाणत होतो. ती आपली अभ्यास करून आली होती, त्या बिचाऱ्याच्या विधानसभेतल्या कारकिर्दीवर. पण मला वाटलं की आता ती पार्किंगकडे बोट दाखवणार.

माझ्या मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मी शिकवलेलं हसू हसली आणि मी शिकवलेलं उत्तर दिलं. प्रश्न फार महत्त्वाचा आहे, असे निर्णय घाईने होत नाहीत, सर्वांशी बोलून योग्य वेळी मी नक्कीच पाऊल उचलेन. टाळ्या पडल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या टाळ्या माझ्या शेजारी वाजत होत्या.

“काय सफाईनं उडवून लावलानी हो!” फोरमन मला कोपराने ढोसत म्हणाला. “तुमीच शिकवलाव ना, भाऊ?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. माझी मुलगी पहिली आली, खालची दुसरी. परतताना दोघी माझ्याच गाडीत मागे बसल्या होत्या आणि चिप्स खात होत्या. सिग्नलला थांबल्यावर मला त्या कप्प्याकडे बघवेना. तरी उघडला मात्र नाही. शुक्रवार उरकू दे, असं मनाशी म्हटलं. आता दोन दिवसांनी काय बिघडतंय.

शुक्रवारी निवडणूक झाली. दुपारच्या नमाजानंतर, चार वाजता, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. लांब राहणारे सभासद येतील की नाही याची मला धास्ती होती. फोरमनकडे सुट्टीच्या दिवशी कंपनीची बारा सीटची गाडी असायची. न सांगता त्याने ती काढली आणि दोन फेऱ्या मारून माझे मतदार आणून सोडले. त्याला स्वतःला मत नव्हतं. तो बाहेर गाडीत एसी लावून बसला होता. मी निवडून आलो हे कळल्यावर आत आला नाही, दारातूनच हात हलवला, आणि संध्याकाळी हलव्याचा डबा घेऊन वर आला, त्यावर केशर पेरलेलं. मी तो हलवा खाल्ला. दोनदा घेतला.

चार दिवसांनी तिकडे अमेरिकेत मतदान झालं. माझा मवाळ उमेदवार पडला. दोन्हीकडच्या लोकांनी त्याला मतं दिली नाहीत. मुलीने बातमी दाखवली तेव्हा मला वाईट वाटलं, पण आतून जरा गुदगुल्याही झाल्या. म्हटलं, गुरू पडला, शिष्य निवडून आला.

कार्यकारिणीच्या पहिल्या बैठकीला मी फॉर्म घेऊन गेलो. हे माझ्या बाजूने सांगायला हवं. गेलो. सगळ्यांसमोर खिशातलं पेन काढलं, जरा खाकरलो आणि सूचकाच्या ओळीवर टेकवलं. सचिव म्हणाले, “साहेब, तुम्हाला नाही चालणार.”

“का?”

“पदाधिकाऱ्याने सूचक-अनुमोदक होऊ नये. नियम आहे.”

“कुणी केला हा नियम?” मी जोरात विचारलं.

सचिवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी तेव्हाच्या अध्यक्षांनी निवडणुकीच्या तोंडावर आपले सगळे दोस्त सभासद करून घेतले होते. त्यावरून भांडण पेटलं. नवे म्हणाले, सभासदत्व सगळ्यांना खुलं करा. जुने म्हणाले, वर्षभर बंदच ठेवा. तेव्हा नियमांच्या उपसमितीत बसलेल्या एका समतोल गृहस्थाने मधला मार्ग सुचवला होता की पदाधिकाऱ्यांनी फक्त सूचक-अनुमोदक होऊ नये, बाकी चालू द्या. दोन्ही गटांनी बाकं वाजवली होती. त्या गृहस्थाला तेव्हा समोसे जास्त मिळाले होते. तो गृहस्थ आता हातात पेन धरून आ वासून बसला होता.

म्हणजे जिन्यात उभं राहून, त्या दिवशी, एक साधा सभासद म्हणून मी सही करू शकत होतो. वजन पडावं म्हणून थांबलो आणि सही करायचा हक्कच घालवून बसलो. 

तरी मी हार मानली नाही. दुसऱ्या कुणाची तरी सही मिळवू म्हटलं. पुढचे दोन आठवडे मी तो फॉर्म घेऊन फिरलो. पहिल्या गृहस्थांनी चहा दिला, फॉर्म वाचला आणि म्हणाले, “माझी वैयक्तिकदृष्ट्या काहीच हरकत नाही. पण सगळ्यांना बरोबर घेऊन जायला हवं, नाही का?” दुसऱ्या बाईंनी सांगितलं की असे निर्णय घाईने होत नसतात. तिसरे, ज्यांना मी नव्या विचारांचे समजत होतो, ते म्हणाले, “योग्य वेळ आली की मी स्वतः करतो. तुम्हीच लिहिलं होतंत ना ते, गटावर? फार आवडलं होतं आम्हाला.” तिन्ही घरांत मला माझंच पान वाचून दाखवलं जात होतं, आणि त्यावर मला रागावताही येईना.

मी चिडलो. त्यांच्यावर नाही, स्वतःवर. मला तो भिजत घोंगड्याचा वास यायला लागला, जो इतरांना माझ्या अंगाला अठरा वर्षं येत असणार. रात्री जेवताना खालची आमच्याकडे नव्हती. आठवड्यात एकदाही आली नव्हती. मुलीला विचारलं तर ती पानातल्या भातात बोट फिरवत राहिली. बायकोने मुख्य भूमिका नाइलाजाने आमच्याच मुलीला दिली होती. ती पाठ करताना रडकुंडीला येत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “ती मला विचारत होती की काकांनी साइन केली का. मी सांगितलं, योग्य वेळी.” ते तिने वादसभेतल्या आवाजात म्हटलं, हात तराजूसारखे करून. मग हात खाली घेतले. “मग ती हसली नाही ना.”

त्या वाक्याने माझं उरलंसुरलं अध्यक्षपण गळून पडलं. मी जेवण टाकून उठलो. टेबलावर कागद ओढला आणि राजीनामा लिहिला. दोन ओळींचा. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं लिखाण, ज्यात ‘पण’ नव्हता. त्याचा फोटो काढून सचिवांना पाठवला. त्यांचं उत्तर यायच्या आत खाली जाऊन गाडीतून फॉर्म काढला. ऊन खाऊन प्लास्टिकची पिशवी कागदाला चिकटली होती. सोलून काढली. बॉनेटवर ठेवून सूचकाच्या ओळीवर सही केली. सव्वीस दिवस मी अध्यक्ष होतो. नोव्हेंबर संपायला दोन दिवस बाकी होते. मला वाटलं, साधलं. अगदी खरं सांगतो, पहिल्या मजल्याच्या पायऱ्या चढताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. फोरमन काय म्हणेल, मी कसं ‘अहो त्यात काय’ म्हणेन, तेही ठरवून झालं होतं.

दार त्यानेच उघडलं. मी फॉर्म पुढे केला. त्याने दिव्याखाली धरून सही पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

“राजीनामा दिलाव म्हनतात,” तो म्हणाला. व्हॉट्सॲप माझ्यापेक्षा जोरात जिना उतरलं होतं.

“हो. त्याशिवाय सही चालत नव्हती.”

“काय जरूर होती, भाऊ.”

“उद्या सचिवांना नेऊन देतो. बायको नाव घालतेय नाटकात.”

त्याने फॉर्मची नीट घडी घातली. आधी होत्या त्याच घड्यांवर. आणि माझ्या हातात परत दिला.

“पोरगी नको म्हनते,” तो म्हणाला. “रागावली नाय ती. तुमच्यावर तर नायच. म्हनते, काकांना येवढा जड जात आसंल तर रावंदे.” त्याने जिन्याकडे पाहिलं. “जिन्यात केलात आसतात तर चाललं आसता.”

बारा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काहीतरी सुनावलं होतं, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, समजूत घालतोय. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे बोलण्यासारखं जे होतं ते सगळं त्या अमेरिकन गृहस्थाचं होतं, म्हणून मिटलं. मला फार वाईट वाटलं. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त, ती मुलगी आता वर जेवायला येणार नाही याचं वाईट वाटलं.

“तुमची पोर आतच हाय,” तो म्हणाला. “आताच आली, तुमी गाडीकडं होताव तेव्हा. तिचा पाठांतर होत नाय ना, म्हनून आमची घेते तिच्याकडून. थांबताव? च्या टाकतो.”

मी नको म्हणालो. त्याने दार लोटलं, पण पूर्ण लावलं नाही. मी जिन्यात फॉर्म हातात घेऊन उभा राहिलो. आतून खालचीचा आवाज आला, स्पष्ट, न अडखळता :

“मजकूर मी लिहीन, आजोबा, अंगठा मात्र तुम्हालाच उठवावा लागेल. म्हण.”

मग माझी मुलगी ते वाक्य म्हणू लागली, आणि अर्ध्यात विसरली.